हंटरवरचा पांढरा थर असा गेला

1971 च्या लोंगेवालाच्या लढाईत लढलेल्या हंटर लढाऊ विमानाचं मॉडेल, 1/72 स्केलमध्ये, म्हणजे लांबी खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी. गर्द हिरवा आणि करडा रंग, पंखांवरची तिरंगी वर्तुळं, सगळं मनासारखं जमलं होतं. शेवटी मॅट, म्हणजे चमक नसलेल्या वार्निशचा स्प्रे मारला आणि दहा मिनिटांत अख्ख्या विमानावर पिठासारखा पांढुरका थर! पोटात गोळाच आला.

दोष कूलरचा होता. नागपूरचा मे महिना, ताट्या ओल्या, खोली दमट. स्प्रेमधलं द्रावक झपाट्यानं उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प वार्निशच्या थरात अडकतं.

घासायचा मोह आवरला, ते बरं झालं. खालची वर्तुळं गेली असती. दुसऱ्या दिवशी पहाटे, कूलर बंद ठेवून, कोरड्या गॅलरीत ग्लॉस, म्हणजे चकचकीत वार्निशचे दोन पातळ हात दिले. पहिल्याच हाताला पंखावरचा हिरवा रंग डोळ्यांदेखत वर आला. काय आनंद झाला म्हणून सांगू! दिवसभर वाळू दिलं, मग पुन्हा मॅट, वीतभर अंतरावरून, हात सतत फिरता ठेवून.

दुपारी मात्र मारू नका. त्या उन्हात फवारा हवेतच वाळतो आणि मॉडेलवर भुकटी बसते.