कुत्र्यासोबत फिरताना प्राणी-पक्षी दिसत नाहीत? या चुका टाळा

"कुत्रा बरोबर असला की काही दिसत नाही, सगळं आधीच पळून जातं." ही तक्रार मी स्वतः दोन वर्षं केली. मग वसंतातल्या एका सकाळी आमचा बंड्या वाटेतच थबकला. पुढचा एक पाय हवेत, शेपूट ताठ, नाक वर. मी फोनमध्ये डोकं घालून होतो. नेहमीसारखा पट्टा ओढला, "चल रे!" त्याच क्षणी दोन हातांवरच्या गवतातून ससा उसळला आणि मला दिसली ती फक्त त्याची पाठ. बंड्याने मग माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ते सोडून द्या.

थबकलेल्या कुत्र्याला ओढणं

सगळ्यात मोठी चूक हीच. नाक जमिनीला लावून हुंगत चालला असेल, तर बहुधा कुणीतरी तिथून आधीच गेलेलं असतं. नाक वर करून हवा हुंगत असेल, तर वास वाऱ्यावरून येतोय, म्हणजे वासाचा मालक अजून तिथेच असण्याची शक्यता बरीच. अशा वेळी थांबा आणि वारा जिकडून येतोय तिकडे बघा. कानांकडेही लक्ष असू द्या. आपल्याला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, त्याला 45,000च्या आसपासपर्यंतचे, त्यामुळे उंदरांची आपल्याला न ऐकू येणारी चूंचूंही तो टिपतो. डोळ्यांच्या बाबतीत मात्र आपण सरस. लाल-हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नाही, आणि पानांत निश्चल बसलेला पक्षी त्याच्या नजरेतून सहज सुटतो. दिशा त्याने दाखवायची, शोधायचं आपण.

वाऱ्याला पाठ देऊन चालणं

वारा पाठीवर असेल, तर तुमचा आणि कुत्र्याचा वास तुमच्या आधी पोचतो. फेरी तीच ठेवा, फक्त त्या दिवशी उलट्या बाजूने सुरू करा. निघायची वेळही जरा अलीकडे आणा. वसंतात नर पक्षी हद्द सांगायला आणि मादीला बोलवायला गातात, आणि गाण्याचा जोर सूर्योदयाच्या आधीपासून असतो.

"आमचा काही करत नाही" म्हणून मोकळं सोडणं

करत नसेलही. पण जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला ते कसं कळणार? कुत्रा दिसला की तो उठतो, आणि तेवढा वेळ अंडी उघडी पडतात. टिटवीच्या कुळातले काही पक्षी तर पंख मोडल्याचं सोंग घेऊन फरफटत पळतात. कुत्र्याला वाटतं सावज गवसलं. खरं तर घरटं जवळच आहे, याची ती खूण. तिथे शोधत बसू नका, आल्या पावली मागे फिरा. पट्टा साधा, दोनेक मीटरचा पुरतो. खटखट वाजत गुंडाळला जाणारा पट्टा मी कपाटात टाकलाय.

खाली बसलेलं पिल्लू उचलून घरी आणणं

पिसं फुटलेली, शेपूट आखूड, टुणटुण उड्या मारतंय, असं पिल्लू अनाथ नसतं. ते उडायला शिकतंय आणि आईबाप आसपासच असतात. कुत्र्याला दूर न्या, बस्स. उघडंबोडकं किंवा नुसती लव असलेलं पिल्लू मात्र घरट्यातून पडलेलं असतं. घरटं दिसत असेल तर अलगद परत ठेवा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकतात, ही समजूत खोटी आहे. गवतात एकटं, हालचाल न करता बसलेलं पाडस दिसलं, तरी ते टाकून दिलेलं नसतं. आई चरायला गेलेली असते आणि तुम्ही हटल्याशिवाय ती परत येत नाही.

हमखास येणाऱ्या अडचणी

दुर्बिणीतून सगळं हलतंय? एक हात पट्ट्यात अडकलेला असताना 10 पट मोठं दाखवणारी दुर्बीण स्थिर राहत नाही. 8×42 (म्हणजे 8 पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं) घ्या आणि पट्टा कमरेला बांधा.

कुत्र्याने भेक (खरखरीत कातडीचा बेडूक) तोंडात धरला आणि फेस येतोय? भेकाच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींत विष असतं. ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसा, पाणी घशात जाणार नाही असं तोंड खाली धरून धुवा आणि लगेच पशुवैद्याला फोन करा.

गोचिडांसाठी मानेवर औषधाचे थेंब टाकलेत? मग काही दिवस त्याला तळ्यात उतरू देऊ नका. ते कीटकनाशकच असतं, पाण्यातले किडे मारतं. विंचरलेले केसही बाहेर टाकू नका, पक्षी ते घरट्याला वापरतात.

आणि काहीच दिसलं नाही, तर चिखल बघा. मांजरकुळातल्या प्राण्याच्या ठशात सहसा नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या ठशात उमटतात. मी अनोळखी ठशाशेजारी बंड्याचा पाय टेकवतो आणि फोटो काढतो. मापाला पट्टी लागत नाही.