ओपन सोर्स प्रकल्प सुरू होतो, मग अडतो कुठे? या चुका टाळा

समजा, सोलापुरातल्या चार-पाच जणांनी यंत्रमाग कारखान्यांसाठी सूत, टॉवेल आणि कामगारांच्या मजुरीचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिलं, ओपन सोर्स म्हणून, म्हणजे कुणीही कोड बघावा, वापरावा, बदलावा म्हणून, गिटहबवर (कोड ठेवायच्या आणि मिळून लिहायच्या वेबसाइटवर) टाकलं आणि ‘या, हातभार लावा’ असं सगळीकडं सांगितलं. सहा महिन्यांनी तिकडं कुणी फिरकत नाही. मग तक्रार ठरलेली: ‘आपल्याकडं फुकट काम कोण करतंय?’ मला हे फारसं पटत नाही. माणसं येतात, ती परत का गेली, हे कुणी बघितलेलं नसतं.

लायसन्सची, म्हणजे कोड कुणी कसा वापरायचा हे सांगणारी, फाइल आहे का, हे आधी बघा. ती नसेल तर कोड सगळ्यांना दिसतो, पण वापरायचा-बदलायचा हक्क मिळत नाही. एमआयटी, अपाची, जीपीएल या तयार लायसन्सांतलं एक पहिल्याच दिवशी ठरवा. नंतर बदलायचं म्हटलं तर कोड दिलेल्या प्रत्येकाची संमती मागत फिरायची वेळ येऊ शकते.

खरी गळती चर्चेत होते. निर्णय पार्क चौकात चहा पिताना होतात, नाहीतर व्हॉट्सॲपवर. पुण्यात नोकरीला गेलेल्या जोडीदाराला ते कळतात तोवर त्याचं आठवड्याचं काम वाया गेलेलं असतं. चहा बंद करू नका. घरी गेल्यावर काय ठरलं आणि का, हे इश्यूमध्ये (गिटहबवरच्या अडचणीच्या किंवा कामाच्या नोंदीत) दोन ओळींत लिहा. ‘का’ वगळलंत तर तोच वाद पुन्हा सुरू होणार.

कारखानदार मात्र इश्यू भरत बसणार नाही. तो व्हॉइस मेसेज टाकणार, मराठीत, तेलुगूत किंवा कन्नडमध्ये. तो ऐकून नीट इश्यू लिहिणारा माणूस शोधा आणि योगदानकर्त्यांच्या यादीत त्याचंही नाव घाला. स्क्रीनवरचा मजकूर कोडमध्येच कोंबला असेल तर वेगळ्या फाइलीत काढा. तेलुगू भाषांतर करून देणाऱ्याला प्रोग्रामिंग कशाला यायला हवं?

पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा हा बदल मूळ कोडमध्ये घ्या’ ही विनंती, पडून राहते, हा आणखी एक आजार. दोन दिवसांत उत्तर द्या, नकार असला तरी कारणासह. ‘बघतो’ हे उत्तर नव्हे. उलट बाजूही आहे: 2020 च्या हॅकटोबरफेस्टमध्ये (ओपन सोर्सला हातभार लावायला बोलावणाऱ्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात) बक्षिसाच्या टी-शर्टसाठी निरर्थक पुल रिक्वेस्टचा इतका मारा झाला की आयोजकांना नियम बदलून फक्त सहभागी व्हायला तयार असलेल्या प्रकल्पांपुरताच उपक्रम ठेवावा लागला. कॉलेजच्या मुलांना बोलावणार असाल तर सोपी, नेमकी कामं आधीच वेगळी काढून ठेवा.

सगळ्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड आणि अधिकार, एकाकडं ठेवणं ही घोडचूक. पण घाईनं वाटणंही तितकंच वाईट. ‘एक्सझेड’ या फाइली लहान करणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा एकटा, थकलेला सांभाळकर्ता दबावाखाली होता, मदतीला आलेल्या ‘जिया टान’ नावाच्या खात्यानं दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट (बाहेरच्याला गुपचूप आत शिरू देणारा कोड) घुसवली. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायची सोय) लॉगिन अर्ध्या सेकंदानं मंदावलेलं जाणवलं, म्हणून ती सापडली. तेव्हा अधिकार टप्प्याटप्प्यानं द्या: आधी इश्यू हाताळणं, मग रिव्ह्यू (दुसऱ्याचा कोड तपासणं), मग मर्ज (तो मूळ कोडमध्ये घेणं), शेवटी रिलीज (नवी आवृत्ती काढणं). डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि पॅकेज (लोक उतरवून घेतात ते तयार सॉफ्टवेअर) यांच्या खात्याला किमान दोन ॲडमिन हवेत.

चालवायला कुणीच उरलं नसेल तर रीडमीत (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीत) तसं स्पष्ट लिहा आणि रेपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाचं गिटहबवरचं पान, आर्काइव्ह करा, म्हणजे फक्त वाचण्यापुरतं ठेवा. ज्याला गरज आहे तो फोर्क करून, म्हणजे स्वतःची प्रत काढून, पुढं नेईल.