ड्रोनच्या चार-सहा बॅटऱ्या एकत्र चार्ज करायच्या आहेत? चार्जरआधी सप्लाय बघा

चार्जर निवडायला बसलात की पहिला प्रश्न एकच: ह्याला वीज कुठून मिळणार? थेट भिंतीतल्या प्लगमधून, की मधे वेगळा सप्लाय, म्हणजे भिंतीतली एसी वीज डीसी करून देणारा डबा, लागणार? मागच्या वेळी माझ्या यादीत बाकी सगळं होतं, एवढंच नव्हतं. स्वस्तात मस्त चार्जर मिळाला, घरी खोका उघडला तर भिंतीत लावायची वायरच नाही, मागे फक्त डीसी इनपुटचं पिवळं एक्सटी६० कनेक्टर. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शूट. म्हणून ही यादी. सप्लायची गोष्ट मी त्यात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

आधी सगळ्या बॅटऱ्या टेबलावर काढा आणि लेबल वाचा. दुकानात जाऊन ‘ड्रोनचा चार्जर द्या’ म्हटलंत तर दुकानदार त्याच्याकडे पडून असलेला देईल. सेल किती, एमएएच (क्षमता) किती, प्लग एक्सटी३० की एक्सटी६०, हे कागदावर लिहून न्या. ४एस म्हणजे चार सेल. साधा लिपो (लिथियम-पॉलिमर) असेल तर भरलेला सेल ४.२० व्होल्टचा, म्हणजे पूर्ण पॅक १६.८, ६एसचा २५.२. लेबलवर एचव्ही (हाय व्होल्टेज) असेल तर सेल ४.३५ पर्यंत जातो आणि चार्जरमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय लागतो. एचव्ही पॅक साध्या लिपोच्या सेटिंगवर लावला तर थोडा कमी भरेल, बाकी काही बिघडत नाही. उलटं मात्र कधीही करू नका. साधा लिपो ४.३५ पर्यंत ताणला तर पेटू शकतो.

आता गुणाकार. १सी म्हणजे बॅटरीच्या क्षमतेइतकाच करंट: १५०० एमएएचच्या ४एस बॅटरीला दीड अँपिअर. दीड गुणिले १६.८, म्हणजे साधारण २५ वॉट. असे चार पॅक एका वेळी लावायचे तर १०० वॉट. ६एस १३०० चे चार असतील तर १३० च्या आसपास. लेबलवर ३सी, ५सी चार्जिंग चालेल असं छापलेलं असलं तरी हिशेब १सीनेच करा, बॅटऱ्या जास्त टिकतात. जो आकडा येईल त्यात वीसेक टक्के वाढवा, कारण चार्जर स्वतः गरम होतो आणि ती वीजही कुठून तरी यावीच लागते. म्हणजे ४एसच्या त्या चार पॅकसाठी सव्वाशे वॉट. हा आकडा चार्जरचा नाही. हा सप्लायचा आकडा आहे. ह्याच्याखाली रेघ मारा.

चार्जरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात जे वॉट लिहिलेले असतात, ते मनासारखा सप्लाय मिळाला तरच निघतात. स्कायआरसीचा बी६ निओ घ्या: डीसी इनपुटवर २०० वॉट, पण यूएसबी-सी पीडीवर (लॅपटॉप-मोबाइलच्या फास्ट चार्जरवर) चालवला तर ८०. होटाच्या डी६ प्रोला दोन पोर्ट आहेत. डीसी दिलात तर प्रत्येकी ३२५ वॉट, पण घरच्या २३० व्होल्टच्या प्लगवर दोन्ही मिळून २००. आयमॅक्स बी६एसी सगळ्यांच्या ओळखीचा, वायर थेट भिंतीत जाते, पण ताकद ५० वॉट. गच्चीवर मोठी टाकी बसवून खाली अर्ध्या इंचाची लाइन सोडली तर बादली भरायला वेळ लागणारच, तसंच हे आहे. जाहिरातीत टाकी दाखवतात. लाइन तुम्ही बघायची.

म्हणून चार्जरच्या पानावर ‘इनपुट’ ही ओळ शोधा. तिथे एसी १००–२४० व्होल्ट लिहिलंय का? मग वायर थेट भिंतीत. फक्त डीसी लिहिलंय? मग सप्लायची किंमत आत्ताच चार्जरच्या किमतीत मिळवा आणि मगच स्वस्त की महाग ते ठरवा. डीसी चार्जर स्वस्त दिसतो त्याचं मोठं कारण हेच, की त्यात सप्लाय नसतो. दोन्हीची बेरीज केल्यावर कधी कधी एसीवाला चार्जरच परवडतो.

घरात पडलेला लॅपटॉपचा अडॅप्टर चालतो का? चालतो, १९ व्होल्ट बहुतेक नव्या डीसी चार्जरना चालतात, तरी इनपुटची वरची मर्यादा आधी बघा. पण अडॅप्टर ६५ वॉटचा असेल तर चार्जरला ६५ च्या आतच बसवा. चांगल्या चार्जरमध्ये इनपुटची मर्यादा सेट करता येते, ती करा, नाहीतर अडॅप्टर मधेच बंद पडत राहतो. सीसीटीव्हीवाले वापरतात तो १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (पत्र्याच्या डब्यातला सप्लाय) १२० वॉटचा, आणि त्याला शेवटच्या थेंबापर्यंत पिळायचं नाही, नव्वद-शंभरच्या आत ठेवायचं. एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा २४ व्होल्ट १५ अँपिअरचा ३६० वॉटचा. चार्जर २४ व्होल्ट घेणारा असेल तर हाच घ्या. १२ व्होल्टवर तेवढेच वॉट काढायला दुप्पट करंट ओढावा लागतो, आणि चार्जरची करंट ओढण्याची एक हद्द असते. म्हणून २४ वर पूर्ण ताकद दाखवणारा चार्जर १२ वर निम्म्यावर येतो.

पण थांबा. इनपुटची वरची मर्यादा वाचल्याशिवाय २४ लावू नका. जुना आयमॅक्स बी६ ११ ते १८ व्होल्टचा आहे, त्याला लॅपटॉपचे १९ सुद्धा नकोत, २४ दिलात तर तो जळेल. आणि ह्या पत्र्याच्या एसएमपीएसना कडेला बहुतेकदा एक छोटा लाल स्विच असतो, ११० आणि २२०. चालू करण्याआधी तो २२० वर आहे ना, हे टॉर्च मारून बघा. वायरी लावायचे स्क्रू उघडे असतात, त्यात २३० व्होल्ट खेळतात. झाकण लावा, अर्थिंगची वायर जोडा, आणि घरात लहान मूल असेल तर हा प्रकार आणूच नका, बंद डब्यातला सप्लाय किंवा एसी चार्जर घ्या. वीजकाम स्वतः येत नसेल तर जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

एका वेळी अनेक बॅटऱ्या भरणारा ‘मल्टी’ चार्जर म्हणजे नेमकं काय, हे आता. एक म्हणजे खरे वेगवेगळे चॅनेल, प्रत्येक बॅटरीला स्वतःचा चार्जर असल्यासारखं. एक ४एस, एक ६एस, एक अर्धी भरलेली, काहीही लावा. नवीन माणसाने हाच घ्यावा. चार पोर्टवर ‘२०० वॉट’ लिहिलेलं असेल तर ते प्रत्येकी आहेत की सगळ्यांत मिळून, हे विचारा. बहुतेक वेळा मिळून असतात.

दुसरं, एका चार्जरला पॅरलल बोर्ड, म्हणजे एकाच पोर्टवर बऱ्याच बॅटऱ्या समांतर जोडणारी पट्टी. हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे आणि सगळ्यात जास्त काळजीचाही. सगळ्या बॅटऱ्या सारख्याच सेलच्या हव्यात, एक ३एस चुकून ४एसमध्ये गेली की आगच. सेलमागे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको, कारण भरलेली बॅटरी रिकामीत सुसाट करंट ढकलते. आधी जाड मुख्य प्लग लावा, थोडं थांबा, मग पांढरी बॅलन्स पिन (प्रत्येक सेलच्या बारीक वायरींची). उलट केलंत तर तो सगळा करंट बारीक बॅलन्स वायरींतून जातो. बोर्डावर फ्यूज नसतील तर बोर्ड घेऊ नका. फुगलेली बॅटरी ह्या बोर्डावर नाही म्हणजे नाही. आणि १५०० चे ४एस सहा पॅक १सीने लावले की ९ अँपिअर, दीडशे वॉट. सप्लाय तेवढा आहे का?

डीजेआय ह्या चिनी कंपनीच्या ड्रोनच्या स्मार्ट बॅटऱ्या असतील तर वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही, त्यांना त्यांचा हब (अनेक बॅटऱ्या बसवायचा चार्जिंगचा डबा) लागतो. मिनी २, मिनी ३ च्या हबवर तीन बॅटऱ्या बसतात, पण चार्ज एकामागून एक होतात. ज्यांना तिन्ही एकदम हव्यात ते बाहेरच्या कंपनीचा हब शोधतात. तिथेही माझा प्रश्न तोच: अडॅप्टर खोक्यात आहे का, आणि किती वॉटचा? तीन बॅटऱ्यांचा हब मोबाइलच्या १० वॉटच्या चार्जरवर लावला तर रात्र जाते. पीडीचा अडॅप्टर घ्या, आणि ६० वॉटच्या वर जायचं तर केबलही पाच अँपिअरची हवी. केबल विसरतात लोक. फेब्रुवारी २०२२ पासून भारतात परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळे ह्या बॅटऱ्या बदलून मिळणं सोपं नाही. हबसाठी चार पैसे जास्त गेले तरी चालतील, बॅटरी जपा.

गाडीत चार्ज करायची वेळ येते. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटू लागली आहेत. उलवे, पनवेल, खारघरकडे उडवणाऱ्यांनी डिजिटल स्कायचा नकाशा (ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा) नव्याने बघायचा आणि बहुतेकदा लांब कर्जत-मुरबाडकडे जायचं. तिथे प्लग नाही. गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे शंभर-सव्वाशे वॉटच धरा, आणि इंजिन चालू ठेवा. इथे मात्र डीसी इनपुट असलेला चार्जरच कामाला येतो. घरी एसी आणि बाहेर डीसी, दोन्ही घेणारा मिळत असेल तर पहिल्यांदा तोच बघा.

स्टोरेज मोड हवाच, म्हणजे बॅटरी बराच काळ ठेवून द्यायची तर ती अर्धवट भरलेली करून देणारी सोय. जून ते सप्टेंबर ठाण्यात उडवणं जवळपास बंद, आणि भरलेल्या बॅटऱ्या कपाटात राहिल्या की फुगतात. सेल ३.८० ते ३.८५ वर आणून ठेवायचा. स्वस्त चार्जरची बॅटरी उतरवायची ताकद पाचेक वॉटच असते. १५०० चा एक ४एस पॅक उतरवायला दोन तासांहून जास्त. म्हणून पाऊस यायच्या आधीच्या आठवड्यात सुरू करा. १० वॉटचा छोटा तीन दिव्यांचा बी३ ह्या कामाचा नाही, त्यात स्टोरेज नाही.

खरेदी. लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जायचं तर ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, रविवार सोडून. बॅटरी बरोबर न्या, तिथेच लावून बघा. आणि तिथेच विचारा: सप्लाय कुठला लावू? पक्कं बिल घ्या. बी६चा डुप्लिकेट माल खूप आहे. घरी आणल्यावर एक पॅक भरून मल्टिमीटरने सेल मोजा, चार्जर ४.२० म्हणतो आणि मीटर ४.२५ दाखवतो तर परत करा.

घरात जागा: ओट्यावर किंवा लादीवर, पडद्यापासून लांब, वाळूची बादली जवळ. पलंगावर नाही. चार्जिंग लावून झोपायचं नाही. उडवून आणलेली गरम बॅटरी थंड होऊ द्या, मे महिन्यात जरा जास्तच वेळ. एक्सटेन्शन बोर्ड आयएसआयचा. फुगलेली बॅटरी ई-कचऱ्यात, घंटागाडीत नाही.

ऑर्डर टाकण्याआधी चार्जरचं पान पुन्हा उघडा, इनपुटची ओळ वाचा, आणि सप्लाय त्याच ऑर्डरमध्ये टाका.