फ्लू झालाय? दुसऱ्याला लागण किती दिवस होऊ शकते ते असं मोजा

अंग मोडून आलंय, ताप चढलाय आणि डॉक्टर फ्लू म्हणालेत, तर औषध घेऊन झोपायच्या आधी एक तारीख लिहून ठेवा. डॉक्टरकडे गेलात ती नाही हं, पहिल्यांदा घसा खवखवला किंवा थंडी वाजून आली ती. तो तुमचा शून्य दिवस, पुढचा सगळा हिशोब त्याच्यावरच.

आता त्याच्या एक दिवस मागे जा. कारण फ्लूचा व्हायरस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच पसरायला लागतो, म्हणजे तुम्ही ठणठणीत होतात, सगळ्यांसोबत बसून जेवलात, तेव्हाच तो तुमच्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत होता. मी हे फार उशिरा शिकले, माझ्याकडून आजीला लागला तेव्हा मी अजून आजारी पडलेच नव्हते, दुसऱ्या दिवशी पडले, आणि ते अजूनही मनाला लागून राहिलंय. म्हणून त्या दिवशी जवळून भेटलेल्यांना, खासकरून घरात म्हातारं माणूस, तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल त्यांना, एक फोन करून सांगाच. लागण झाली असेल तर १ ते ४ दिवसात, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशीच, कळून येतं, तेवढे दिवस त्यांनी लक्ष ठेवायचं.

पुढे बघायचं तर पहिले ३-४ दिवस सगळ्यात वाईट. या दिवसात शक्यतो वेगळी खोली, खिडकी उघडी, खोलीबाहेर यायचं तर मास्क, आणि खोकला आला की तोंडावर टिश्यू नाहीतर कोपर, तळहात नाही, कारण त्याच हाताने आपण लगेच दाराची कडी पकडतो. मोबाईल, रिमोट, स्विच असल्या कडक गुळगुळीत वस्तूंवर हा व्हायरस २४ ते ४८ तासांपर्यंत टिकू शकतो, त्या रोज पुसा. हात साबणाने २० सेकंद धुवा, साबण नसेल तर निदान ६०% अल्कोहोल असलेला सॅनिटायझर. चौथ्या दिवसानंतर जोर कमी होत जातो आणि एरवी तब्येत चांगली असलेल्या मोठ्या माणसाकडून लागण व्हायची शक्यता साधारण ५ ते ७ दिवसांपर्यंत राहते.

मग कामावर कधी जायचं? ताप उतरून पूर्ण २४ तास झाले पाहिजेत आणि तेही तापाची गोळी न घेता, आणि एकूण बरंही वाटत असलं पाहिजे. गोळीचं वाक्य परत वाचा, कारण सगळा घोळ तिथे होतो. सकाळी पॅरासिटामॉल घेतली, ताप उतरला, बरं वाटलं, निघालो ऑफिसला, पण ताप गोळीने दाबलेला असतो, व्हायरस आहे तिथेच असतो. समजा मंगळवारी सकाळी ८ ला शेवटचा ताप होता आणि त्यानंतर गोळी न घेता बुधवारी सकाळी ८ पर्यंत परत आला नाही, तर बाहेर पडायला हरकत नाही, तरी पुढचे ५ दिवस गर्दीत मास्क लावा. आणि फ्लूत काहींना ताप येतच नाही, त्यांच्याकडूनही लागण होते, त्यामुळे त्यांनी दिवस मोजूनच चालायचं.

खोकला मात्र दोन आठवडे किंवा जास्तही रेंगाळतो. ताप जाऊन आठवडा झाला, बाकी सगळं छान आहे आणि कोरडा खोकला तेवढा उरलाय तर तो बहुतेक आतल्या सुजेमुळे असतो, दहाव्या दिवशी खोकणाऱ्याला उगाच लांब बसवू नका.

लहान मुलांचं गणित वेगळं. त्यांच्याकडून ७ दिवसांनंतरही लागण होऊ शकते, आणि केमो चालू असलेले किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी असलेले लोक तर कधीकधी काही आठवडे व्हायरस सोडत राहतात, त्यांच्यासाठी डॉक्टर सांगतील तोच हिशोब. दूध पाजणाऱ्या आईला फ्लू झाला तरी दूध बंद करायचं नाही, मास्क लावून, हात धुवून पाजायचं.

अँटिबायोटिकने फ्लूचे दिवस कमी होत नाहीत, ती बॅक्टेरियासाठी असतात. ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध, पण ते पहिल्या ४८ तासात सुरू केलं तर जास्त उपयोग, म्हणून घरात ६५ च्या वरचं कोणी, २ वर्षांच्या आतलं मूल, गरोदर बाई किंवा दमा, डायबिटीस, हृदयाचा त्रास असलेलं कोणी तापलं तर दोन दिवस वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा. आणि श्वास लागतोय, छातीत दुखतंय, माणूस बरळतोय किंवा ताप उतरून परत जोरात आलाय असं काही दिसलं तर दिवस मोजणं राहू द्या, सरळ हॉस्पिटल गाठा.