पडीक स्की-बोट कमी खर्चात पाण्यावर कशी आणावी

रिसॉर्ट बंद पडतं, पाण्यावर स्की करणाऱ्याला ओढणारी स्की-बोट शेडमागे ताडपत्रीखाली जाते, दुसऱ्या पावसाळ्यात ताडपत्री फाटते. पुढे कधीतरी बोट विकायला निघते तेव्हा मालक सांगतो, "इंजिन चांगलं आहे, फक्त बॅटरी टाकायची." इंजिनाबद्दल तो खरंही बोलत असेल. पण या जातीच्या बोटीत पैसा बुडतो तो फरशीखालच्या कुजलेल्या लाकडात. त्यामुळे आधी लाकूड, मग इंजिन, आणि पॉलिशचा डबा अगदी शेवटी उघडायचा. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

इनबोर्ड स्की-बोटीचं इंजिन मागे लटकत नाही. ते बोटीच्या मधोमध बसतं, तिथून शाफ्ट तळातून तिरका बाहेर पडतो आणि पंखा तळाखाली फिरतो. वजन मध्यावर असल्याने मागची लाट लहान राहते, आणि स्की करणाऱ्याला तेच हवं असतं. लांबी साधारण १८ ते २० फूट. इंजिन बहुतेक अमेरिकन पेट्रोल व्ही-८, फोर्डचं ३५१ घनइंची नाहीतर जनरल मोटर्सचं ३५०. कवच फायबरग्लासचं असलं तरी जुन्या बोटींत त्याला ताठ ठेवणाऱ्या लांब तुळया, म्हणजे स्ट्रिंगर, लाकडाच्या असतात आणि त्यांवर फायबर चढवलेलं असतं.

बडोद्यात असाल तर अर्धं सामान हाताशी आहे. इथल्या रासायनिक कारखान्यांना आम्लाच्या टाक्या लागतात, त्यामुळे मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीच्या बाजूला एफआरपीचं (फायबरग्लासचं) काम करणारे, रेझिन (जमून घट्ट होणारं द्रव प्लास्टिक) आणि ग्लास मॅट (काचतंतूंची चादर) विकणारे, लेथवाले सगळे भेटतात. ब्राँझचे व्हॉल्व्ह, स्टेनलेसचे बोल्ट आणि दोर यांसाठी जुनी जहाजं मोडतात त्या अलंगची एक फेरी परवडते. जुनी लाइफ-जॅकेट आणि अग्निशामक नळकांडी मात्र तिथून उचलू नका. ती नवीच घ्यायची.

घेण्याआधी

बोट ट्रेलरसकट हायवेवरच्या वे-ब्रिजवर न्या. ट्रेलर, पेट्रोल आणि आतलं सुटं सामान वजा करून उरलेलं वजन कंपनीच्या कोरड्या वजनाशी ताडून पाहा. दीड-दोनशे किलो जास्त भरलं, तर ते तुळयांत आणि त्यांच्यामधल्या फोममध्ये मुरलेलं पाणी आहे. वे-ब्रिजची पावती भाव पाडायलाही कामाला येते.

इंजिन ज्या बोल्टांवर बसलंय ते पान्याने आवळून पाहा. बोल्ट घट्ट न होता नुसताच फिरत राहिला तर खाली लाकडाची लापशी झालेली आहे. तुळयांवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज चांगला, भद्द आवाज वाईट. मालक हो म्हणाला तर तुळईच्या कुशीत, तळापासून ५ सेंटिमीटर वर, ६ मिलिमीटरचं भोक पाडा. कोरडा फिकट भुसा निघाला तर उत्तम. काळा, ओला, आंबूस वासाचा चिखल निघाला तर सगळ्या तुळया बदलायच्या आहेत असं धरूनच भाव बोला.

बोट थंड देशातून आलेली असेल तर इंजिनाच्या ब्लॉकच्या दोन्ही बाजू टॉर्च लावून बघा. पाणी न काढता हिवाळ्यात ठेवलेल्या इंजिनात बर्फ होतो आणि ब्लॉक फुटतो. ती फट गंजाच्या बारीक ओघळत्या रेषेसारखी दिसते. असा ब्लॉक असलेली बोट स्वस्त पडत नाही.

लाकूड

हे काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत पॉलिस्टर रेझिन चिकट राहतं, आणि उघडं पडलेलं लाकूड पुन्हा ओलं होतं. मे महिन्यात ब्रश फिरवेपर्यंत रेझिन डब्यातच जमतं. दिवाळी ते होळी हा काळ बरा. त्यातही थंडीच्या दिवसांत सकाळी अकरा ते दुपारी चार, कारण १५ अंशांखाली रेझिन नीट पिकत नाही. (उत्तरायणाचे दोन दिवस हिशेबात धरू नका. मदतनीस गच्चीवर पतंग उडवत असतात.)

इंजिन काढण्याआधी शाफ्टच्या रेषेत एक दोरी ताणा आणि इंजिनाच्या चारही पायांची उंची तिच्यापासून मोजून फोटोसकट लिहून ठेवा. नंतर बोटीला ट्रेलरवर जागोजागी टेकू द्या. तुळया काढल्या की कवच लवचीक होतं, आणि वाकलेल्या अवस्थेत नव्या तुळया बसवल्या तर तळाला कायमचा बाक येतो. मग बोट वेगात नाक आपटत चालते आणि त्यावर इलाज नाही. म्हणूनच सगळ्या तुळया एकदम काढू नका. एक काढा, नवी बसवा, मगच दुसरीला हात लावा.

फरशी कापताना कडेला ५ सेंटिमीटरची पट्टी शिल्लक ठेवा, नवी फरशी तिच्यावर टेकते. ओला फोम फावड्याने निघतो. तुळईच्या जागचं जुनं फायबर ४० नंबरच्या डिस्कने, दोन्ही बाजूंना १५-१५ सेंटिमीटर, पांढरं आणि खरखरीत होईपर्यंत घासा. या कामात कंटाळा केला तर पुढची सगळी मेहनत सोलून निघते. तोंडाला रुमाल पुरत नाही. घासताना धुळीचा, रेझिनच्या वेळी वाफेचा कार्ट्रिजवाला मास्क हवा.

नव्या तुळईसाठी आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घ्या. आयएस ३०३ चं स्वस्त प्लाय इथे चालत नाही. १८ मिलिमीटरचे दोन थर चिकटवून ३६ मिलिमीटर जाडी करा. प्लाय ८ फुटी येतं, म्हणून एका थराचा जोड दुसऱ्या थराच्या जोडापासून किमान ६० सेंटिमीटर दूर ठेवा. चांगलं लाकूड म्हणून सागवान वापरायचा मोह होतो. पण सागात तेल असतं आणि रेझिन त्याला धरत नाही.

रेझिनमध्ये पॉलिस्टर सर्वांत स्वस्त आणि इपॉक्सीची पकड सर्वांत घट्ट. आमचं मत व्हिनाइल एस्टरला: जुन्या फायबरला ते पॉलिस्टरपेक्षा चांगलं धरतं आणि टाक्यांच्या कामामुळे इथे सहज मिळतं. ते टिकतं मात्र काही महिनेच, म्हणून शिल्लक माल घेताना डब्यावरची तारीख पाहा. इपॉक्सी वापरलंच तर त्यावर नंतर पॉलिस्टर लावू नका, चिकटत नाही.

हिशेब असा. चार तुळयांची एकूण लांबी १५ मीटर आणि वरून-बाजूंनी मिळून रुंदी ९० सेंटिमीटर धरली तर साडेतेरा चौरस मीटर भरतात. त्यावर चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट, मग ६०० ग्रॅमचं वोव्हन रोव्हिंग (काचतंतूंचं विणलेलं कापड), पुन्हा मॅट असे तीन थर. मॅट सव्वाबारा किलो, रोव्हिंग आठ किलो. रेझिन मॅटच्या सव्वादोन ते अडीच पट आणि रोव्हिंगच्या बरोबरीने लागतं, म्हणजे ३६ ते ३९ किलो. लाकडाला पाजायचं आणि कोपऱ्याच्या पुट्टीचं धरून ४५ किलो आणा. फरशीचं वेगळं.

आपल्याकडे रेझिन पुष्कळदा साधं मिळतं. कोबाल्ट (जमण्याचा वेग वाढवणारं) आणि हार्डनर (रेझिन जमवणारं) वेगळ्या बाटल्यांत देतात. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, त्यानंतरच हार्डनर घाला. कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होतो. हार्डनर किलोला १० ते १५ मिलिलिटर. ऊन असलं तरी १० च्या खाली जाऊ नका, नाहीतर रेझिन अर्धकच्चं राहतं. घाई होत असेल तर एका वेळी कमी रेझिन कालवा. आधी १०० ग्रॅमचा नमुना करून घड्याळ लावा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा गॉगल हवाच. गेलाच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुऊन थेट डॉक्टरकडे.

तुळईला आधी पातळ रेझिनचा हात द्या. मग रेझिन, फ्युम्ड सिलिका (पुट्टी दाट करणारी भुकटी) आणि कापलेले काचतंतू यांच्या पुट्टीत ती बसवा आणि कोपऱ्याला बोटाएवढी गोलाई द्या. काटकोनात मॅट वळत नाही, मागे हवा राहते. तळावर पहिला थर ७ सेंटिमीटर, दुसरा ११, तिसरा १५ असा पसरत न्या.

आता मूळ रोगाकडे. लाकूड कुजतं ते भोकांतून: कार्पेटचे स्क्रू, फरशीचे स्क्रू, पाणी वाहण्यासाठी पाडलेली कच्ची छिद्रं. म्हणून प्रत्येक भोक मोठं पाडा, इपॉक्सीने भरा, आणि त्या इपॉक्सीत नवं भोक पाडा. इंजिनाच्या बोल्टांसाठी तर हे केलंच पाहिजे.

इंजिन

वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनाला स्टार्टर मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घाला, एक रात्र जाऊ द्या, आणि क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. जाम असेल तर गिअरचं एटीएफ तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं घालून चार दिवस वाट पाहा. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी आहे, हेड उघडावं लागेल.

फिरलं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजा. आकडा १२० पीएसआयच्या वर आणि आठही सिलिंडरांत फरक १५ टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन उघडायचं कारण नाही. शेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर बहुधा मधलं गॅस्केट गेलंय. एकच कमी असेल तर चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह.

मोटारीच्या मिस्त्रीची एक हमखास गफलत इथे होते. काही इनबोर्ड इंजिनं उलटी फिरतात. फोर्ड ३५१ चे सिलिंडर पेटण्याचा नेहमीचा क्रम १-३-७-२-६-५-४-८ आणि उलट्याचा १-८-४-५-६-२-७-३. वायरी काढण्याआधी खुणा करा, आणि स्टार्टर मागवताना फिरण्याची दिशा लिहून कळवा.

बाहेरचं पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर (पात्यांचं चाक) न पाहताच बदला. जुन्याची पाती तुटलेली असतील तर प्रत्येक तुकडा शोधून काढा, कारण तो पुढे ऑइल कूलरच्या तोंडाशी अडकतो आणि इंजिन तापतं. ट्रेलरवर इंजिन चालवून पाहताना पंपाची नळी २०० लिटरच्या पिंपात सोडा, तो स्वतः पाणी ओढतो. कोरडा पंप मिनिटभरात जळतो. आणि जमिनीवर गिअर टाकायचा नाही: शाफ्टचं रबरी बेअरिंग पाण्यावरच चालतं.

जिथे काटकसर नको

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती बोटीच्या तळाशी साचून राहते. मोटारीत ती रस्त्यावर निघून जाते, इथे ती एका ठिणगीची वाट बघत बसते. म्हणून स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर आणि कार्बोरेटर मरीन प्रकारचेच, म्हणजे ठिणगी किंवा पेट्रोल बाहेर न सोडणारे हवेत. मोटारीचे नेमके बसतात, आणि घात तिथेच होतो. पेट्रोल पंपही दुहेरी पडद्याचा असावा. नळीवर आयएसओ ७८४० किंवा एसएई जे १५२७ छापलेलं असावं. जुन्या नळ्या आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने मऊ पडतात, त्यामुळे टाकी धुऊन सगळ्या नळ्या नव्या घाला. स्टार्ट करण्याआधी तळातली वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर चार मिनिटं चालवायचा. रिंगा, बेअरिंग, प्लग, हेड फेसिंग यांत हवी तेवढी बचत करा.

शाफ्ट

शाफ्ट लेथवर फिरवून डायल गेजने पाहा, ०.१ मिलिमीटरहून जास्त डुलत असेल तर सरळ करून घ्या. शाफ्ट जिथे तळातून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधली पाणी अडवणारी जुनी दोरी आकड्याने पूर्ण काढा. नव्या मेणाच्या किंवा टेफ्लॉनच्या दोरीच्या तीन कड्या कापा आणि त्यांचे जोड १२० अंशांनी फिरवून बसवा. ग्रॅफाइटची दोरी दुकानदार आग्रहाने देईल, कारण कारखान्यांच्या पंपांत तीच जाते. बोटीत ती धातूला खाते. ग्लँड ठिबकली पाहिजे, चालताना मिनिटाला दोन-तीन थेंब. ठणठणीत कोरडी करण्याच्या नादात शाफ्टला चर पडतो.

इंजिन आणि शाफ्टच्या कपलिंगमधली फट वर, खाली, डावी, उजवी अशा चार ठिकाणी पातळ पट्ट्यांच्या फीलर गेजने मोजा. फरक ०.०८ मिलिमीटरच्या आत आणा. ट्रेलरवर केलेलं हे माप कच्चं समजा. बोट एक दिवस पाण्यात तरंगली की तिचा आकार किंचित बदलतो, खरं माप तेव्हाचं.

रंगरूप आणि पाणी

बाहेरचा फिका जेलकोट, म्हणजे फायबरवरचा रंगीत थर, बहुधा मेलेला नसतो. ८००, १०००, १५०० नंबरच्या पेपरने ओला घासून कंपाउंड आणि वॅक्स केलं की रंग परततो. गाद्या मोटारीच्या सीटवाल्याकडून शिवून घ्या, फक्त धागा सुती नको आणि खालच्या प्लायच्या कडा रेझिनने बंद केलेल्या हव्यात.

चाचणीसाठी विश्वामित्री नदीचा विचारही नको, तिथे मगरी आहेत. आजव्याच्या तलावाचं पाणी शहर पितं. महीच्या पात्रात वाळूचे पट्टे आहेत, आणि या बोटीचा पंखा व पाती तळाखाली उघडीच असल्याने एका पट्ट्यात शाफ्ट वाकतो. खोल जलाशय शोधा, त्याच्या मालक खात्याची लेखी परवानगी काढा. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ खाली यंत्रावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी आणि तपासणी लागते, तेव्हा बोटीचे कागद खरेदीच्या वेळीच मागून घ्या.

पहिल्या दिवशी स्की नको. पंधरा मिनिटं मंद गतीने चालवा, फरशीचं झाकण उघडून ग्लँडला हात लावा. कोमट चालेल, चटका नको. दहा तास चालल्यावर ऑइल बदला, इंजिनाचे बोल्ट पुन्हा आवळा आणि कपलिंगची फट परत मोजा.