रिटायरमेंट सोसायटीत घर घेताय? रविवारी नको, मंगळवारी दुपारी साडेबाराला जा

आमचं दीड वर्ष यात गेलं. डोंबिवलीचा फ्लॅट विकायचा हे नक्की होतं पण जायचं कुठे यावर घरात रोज खल, मग तळेगाव, भूगाव, पाषाण, नेरळ असं करत अकरा ठिकाणं बघितली, त्यातली काही तीन-तीनदा, आणि शेवटी तळेगावला एका अजून वाढत असलेल्या सोसायटीत पहिल्या फेजमधला रिसेलचा फ्लॅट घेतला. आता बँकेतल्या जुन्या मैत्रिणी दर आठवड्याला फोन करतात, तुम्ही कसं ठरवलंत गं म्हणून, तेव्हा म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. हे सगळं ५५ प्लस किंवा ६० प्लसच्या, पुढच्या फेजचं बांधकाम चालू असलेल्या प्रोजेक्टबद्दल आहे. पूर्ण होऊन दहा वर्षं झालेली जागा असेल तर यातले निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

पहिली गोष्ट, रविवारच्या साइट व्हिजिटला जाऊ नका. त्या दिवशी कारंजं चालू असतं, वेलकम ड्रिंक असतं, सॅम्पल फ्लॅटमधे मोगऱ्याचा वास असतो. मधल्या वारी, न सांगता, दुपारी साडेबाराला जा आणि सरळ जेवणाचं कूपन मागा. डायनिंग हॉल हा या सोसायट्यांचा आरसा आहे असं माझं पक्कं मत झालंय, कारण बाकी कुठलीही सोय एखाद्या दिवसासाठी सजवता येते, पण दीडशे म्हाताऱ्यांचं रोजचं जेवण नाही सजवता येत. किती जण हॉलमधे बसून जेवतात, किती जणांचा डबा खोलीवर जातो, भाजी मऊ शिजलीय का, बिनतिखटाची वेगळी सोय आहे का हे बघा, आणि शेजारच्या टेबलावरच्या काकांना एवढंच विचारा की केटरर कितव्यांदा बदलला. आम्हाला एका ठिकाणी उत्तर मिळालं "दोन वर्षांत चौथा", आणि पुढे अर्धा तास त्या काकांनी जी माहिती दिली ती कुठल्याही सेल्सवाल्याने दिली नसती.

तिथेच बसल्या बसल्या खुर्च्या मोजा. हसू नका, आम्ही खरंच मोजल्या. साठ खुर्च्या आणि सध्या ऐंशी फ्लॅटमधे माणसं राहतात, ठीक चाललंय, पण फेज दोनचे एकशे ऐंशी फ्लॅट भरले की काय? नवीन हॉल होणार, की दोन पंगती होणार, की जेवण साडेअकरालाच सुरू होणार? डायबेटिसवाल्याला जेवणाची वेळ तासभर पुढेमागे झाली की त्रास होतो, म्हणून हा प्रश्न खुर्च्यांचा नाहीये. हेच गणित फिजिओच्या खोलीला, पुण्यात जाणाऱ्या बसला आणि रात्रीच्या एका नर्सला लावा.

आता फेजचं प्रकरण, जे आम्हाला फार उशिरा कळलं. रेरा कायद्यात, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्यात, टप्प्याटप्प्याने होणाऱ्या प्रोजेक्टचा प्रत्येक टप्पा (फेज) स्वतंत्र प्रोजेक्ट धरतात आणि त्याचा महारेरा नंबर, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडचा नोंदणी नंबर, वेगळा असतो. म्हणजे ब्रोशरमधे एकच मोठ्ठं हिरवंगार चित्र असतं, त्यात क्लबहाऊस, पोहण्याचा तलाव, देऊळ, केअर सेंटर सगळं, पण त्यातलं केअर सेंटर कदाचित तिसऱ्या फेजच्या नंबरात असतं आणि तिसऱ्या फेजचं रजिस्ट्रेशनच झालेलं नसतं. आमच्या बाबतीत एका ठिकाणी अगदी हेच निघालं, बयाणा द्यायच्या आदल्या संध्याकाळी. बिल्डर खोटं बोलला असं नाही म्हणता येणार, "येणार आहे मॅडम" एवढंच तो म्हणत होता, कोणत्या नंबराखाली येणार ते आम्हीच विचारलं नव्हतं.

तेव्हा महारेराच्या साइटवर जाऊन तुम्ही जो फ्लॅट घेताय त्याच फेजचा नंबर टाका, मंजूर नकाशा उघडा, सोयींची यादी आणि पूर्ण व्हायची तारीख वाचा. मोबाईलवर नीट दिसत नाही, नातवाला लॅपटॉप घेऊन बसवा. २०२४ पासून महाराष्ट्रात प्रत्येक सोय कधी मिळणार ती तारीख विक्री करारात लिहावी लागते, त्यामुळे करारातलं ते पान आधी मागा आणि ब्रोशर शेजारी ठेवून एकेक ओळ टिक करा. ब्रोशरमधे आहे पण करारात नाही अशा सोयीचे पैसे मनातल्या मनात शून्य धरायचे. आणि करार रजिस्टर व्हायच्या आधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही हे लक्षात ठेवा, "स्कीम आजच संपतेय" म्हणून कोणी वीस टक्के मागत असेल तर उठून या.

मंजूर नकाशा किंवा सामायिक जागा पुढे बदलायची असेल तर दोन तृतीयांश घरमालकांची लेखी संमती लागते, हे रेराच्या कलम १४ मधे आहे. कागदावर छान आहे. पण ही संमती कधीकधी पझेशनच्या दिवशी चाव्यांबरोबरच्या कागदांच्या गठ्ठ्यात सह्या करून घेतात, आणि चावी हातात घ्यायच्या घाईत कोण वाचतंय. गठ्ठा घरी आणा, दोन दिवस लावा, चावी कुठे पळून जात नाही.

पण सगळेच बदल बिल्डर करतो असंही नाही, आणि मला वाटतं घर बघताना लोक हे विसरतात की सोसायटी पण म्हातारी होते. पासष्टीत आलेली पहिली फेज पंधरा वर्षांनी ऐंशीची असते. तेव्हा बॅडमिंटन कोर्टावर कपडे वाळत असतात आणि फिजिओकडे नंबर लागत नाही. एका ठिकाणी टेबल टेनिसच्या खोलीत आता फिजिओचे दोन बेड टाकलेत, सभासदांनीच ठराव करून, मला ते बघून ती जागा एकदम आवडली कारण याचा अर्थ तिथे मीटिंगा होतात आणि ठराव अमलात येतात. त्याच वेळी नवीन फेजमधे साठीचे ताजेतवाने लोक येतात, त्यांना जिम हवी असते, आणि मग एजीएममधे, म्हणजे वार्षिक सभेत, जिम विरुद्ध नर्स अशी भांडणं होतात. म्हणून राहणाऱ्या कोणाकडून तरी मागच्या दोन-तीन एजीएमची मिनिट्स मिळवा. रूक्ष वाटेल, पण पुढच्या पाच वर्षांत तिथे काय वाढणार आणि काय बंद होणार ते त्यात दिसतं. कारभार अजून बिल्डरच्याच कंपनीकडे असेल तर सोसायटी कधी रजिस्टर होणार, कॉर्पसचे, म्हणजे सगळ्यांकडून घेऊन ठेवलेल्या राखीव निधीचे पैसे कोणाच्या नावावर आहेत, व्याज कुठे जातं, हे लेखी विचारा. तोंडी उत्तर म्हणजे उत्तर नाही.

पैशांचं थोडं सविस्तर सांगते, बँकेतली खोड जात नाही. मेंटेनन्स आज दहा हजार आहे आणि दरवर्षी आठ टक्के वाढतो असं धरा, नऊ वर्षांनी तो वीस हजाराच्या घरात जातो आणि पंधरा वर्षांनी साधारण एकतीस-बत्तीस हजार. तुमची पेन्शन तेवढी वाढणार आहे का? जीएसटीची पण एक गंमत आहे, रजिस्टर सोसायटी स्वतः सभासदांकडून मेंटेनन्स घेते तेव्हा महिना ७,५०० पर्यंत जीएसटी लागत नाही, पण बिल्डरची कंपनी बिल लावते तोपर्यंत ही सवलत नाही, पूर्ण बिलावर १८ टक्के. म्हणजे सोसायटी व्हायला उशीर झाला तर तो तुमच्या खिशातून. आणि एक प्रश्न जो नवरा-बायको एकत्र बसून विचारायला कचरतात, दोघांपैकी एक गेल्यावर खर्च किती कमी होतो? काही ठिकाणी चार्ज फ्लॅटवर असतो, काही ठिकाणी माणशी, काही ठिकाणी जेवा न जेवा दोघांच्या जेवणाचे पैसे बांधलेलेच. ह्यांनी तो प्रश्न सेल्स ऑफिसात मोठ्याने विचारला, तिथली पोरगी बिचारी गोरीमोरी झाली, पण उत्तर मिळालं.

फ्लॅटबद्दल फार नाही लिहीत. टेप घेऊन जा, एवढंच. २०२४ मधे महारेराने ज्येष्ठांच्या प्रोजेक्टसाठी किमान गोष्टी ठरवून दिल्यात, दार किमान ९०० मिमी रुंद, बाथरूमला न घसरणारी फरशी आणि धरायला दांडे, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे वगैरे, पण रिसेलचा जुना फ्लॅट त्याआधीचा असतो, तिथे स्वतःच मोजायला लागतं. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं हवं, आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. लिफ्टमधे स्ट्रेचर आडवं जातं का ते बघा, अंदाजे नाही, मोजून. बिल्डिंग निवडताना व्ह्यू नका बघू, डायनिंग हॉल किती पावलांवर आहे आणि वाटेवर छप्पर आहे का ते बघा, तळेगावचा जुलै म्हणजे काय ते इथे आल्यावर कळतं. आणि खिडकीतून डोंगर दिसतोय म्हणून जास्त पैसे मोजत असाल तर लेआउटच्या नकाशावर त्या डोंगराच्या आधी काय आहे ते बघून घ्या, बऱ्याचदा फेज तीन असते.

दवाखान्याचं अंतर किलोमीटरमधे सांगतात, तुम्ही ते संध्याकाळी साडेसहाला गाडी चालवून मिनिटांत मोजा. भूगावहून निघून चांदणी चौकातून कोथरूड गाठायचं तर रविवार सकाळ आणि सोमवार संध्याकाळ या दोन वेगळ्या जागा आहेत, नवीन पूल होऊन सुद्धा. डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतो, रात्री दोनला बेल दाबली तर कोण येतं, ॲम्ब्युलन्स आवारात उभी असते का फोन करून बोलवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उद्या विसरायचा आजार झाला किंवा अंथरूण धरलं तर राहू देतात का? ब्युरोची बाई चोवीस तास ठेवता येते का, तिच्या राहण्याजेवणाचं काय? बऱ्याच जागा धडधाकट म्हाताऱ्यांसाठीच असतात आणि ते कुठेही ठळक लिहिलेलं नसतं.

मुलांना विश्वासात घ्या, कारण घर वारशाने त्यांना मिळेल पण वयाच्या अटीमुळे त्यात राहता येईलच असं नाही, विकायचं तर गिऱ्हाईक पण त्याच वयाचं शोधावं लागतं. बिल्डरमार्फतच विकायची अट आहे का, ट्रान्सफरचे किती घेतात, हे आजच वाचून ठेवा. आणि आजूबाजूच्या गावाचं, टाउनशिपचं काय चाललंय तेही बघा. लवासाची कंपनी २०१८ मधे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, अशा वेळी तुमच्या बिल्डरने स्वतःची बिल्डिंग कितीही चांगली बांधलेली असली तरी आवाराबाहेरचे रस्ते, दुकानं, दवाखाना हे कोणाच्या भरवशावर? उन्हाळ्यात टँकर किती लागतात हे पण वॉचमनला विचारा, ऑफिसात नको.

एवढं करून जागा आवडलीच तर लगेच घेऊ नका, तिथेच महिनाभर भाड्याने राहा. बऱ्याच मालकांची मुलं परदेशात असतात आणि फ्लॅट रिकामे पडून असतात, शिवाय काही ठिकाणी गेस्ट रूम मिळते. आम्ही ऐन जुलैत राहिलो. ओल कुठे येते, वीज किती वेळा जाते, जनरेटर लिफ्टला आहे की फक्त जिन्यातल्या दिव्यांना, मागच्या भिंतीपलीकडच्या कार्यालयात लग्नाचा डीजे किती वाजता थांबतो, सगळं कळलं. दुसऱ्या आठवड्यात ह्यांना ब्रिजचा चौथा भिडू म्हणून बोलावणं आलं आणि मला कळलं की आता आपलं ठरलंय.

पोहण्याचा तलाव अजून झालेला नाही, आमच्या करारातही नव्हता. फेज तीनचं मिक्सर सकाळी आठला सुरू होतं, तेव्हा आमचे हे कानातलं मशीन काढून पेपर वाचत बसतात आणि चहा झाला हे मला हात हलवून सांगावं लागतं.