पाऊल लटकतंय: दोष कंबरेत की गुडघ्यापाशी?

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की ही तक्रार येते: "चप्पल पायातून निघून जाते." पाऊल वर उचलत नाही. चिठ्ठीवर लगेच 'सायटिका' (कंबरेतून पायात उतरणारी कळ) लिहू नका.

मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो, त्याखाली नुसता मज्जातंतूंच्या मुळांचा झुपका लोंबतो. प्रत्येक मूळ आपल्या नंबरच्या मणक्याखालून, पण दोन मणक्यांमधल्या गादीच्या वरच्या अंगाने बाहेर पडतं. म्हणून चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकली की एल-४ (कंबरेचं चौथं मूळ) बहुधा वाचतं आणि एल-५ (पाचवं) सापडतं. त्याखालची सरकली तर एस-१, म्हणजे कंबरेखालच्या त्रिकास्थीचं पहिलं मूळ.

रुग्णाला उताणं झोपवा. टाच धरून पाय सरळ उचला, गुडघा वाकू देऊ नका. ३० ते ७० अंशांत कळ गुडघ्याखाली उतरली तरच मूळ दबल्याचा संशय धरा. मांडीमागचा ताण वावरात राबणाऱ्या कुणालाही जाणवतो. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ गेली, तर संशय बळावतो.

एल-४ साठी तपासा गुडघ्याचा जर्क (हातोडी ठोकल्यावर बसणारा झटका) आणि नडगीची आतली बाजू. एस-१ साठी घोट्याचा जर्क आणि पावलाची बाहेरची कड. पोटरीही एस-१ चीच, पण ती दणकट असते, हाताने दाबून तिची कमजोरी कळत नाही. भिंतीला बोटं टेकवून दुखऱ्या एकाच पायावर १० वेळा टाच उचलायला लावा. घोट्याचे दोन्ही जर्क नसतील तर आधी साखर तपासा. एल-५ चा भरवशाचा जर्क नाही. "काकाजी, अंगठा वर ओढा," म्हणा आणि दोन बोटांनी खाली दाबा. पावलाच्या वरच्या बाजूची संवेदनाही बघा.

आता लटकलेलं पाऊल. ते खाली झुकवून आत वळवायला सांगा. मग कुशीवर निजवून वरचा पाय बाजूला उचलायला सांगा. दोन्हींत जोर कमी असेल तर दोष एल-५ मुळात. दोन्ही ठणठणीत असतील तर गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या गाठीखाली बोट फिरवा. तिथे पाऊल उचलणारी शीर (मज्जातंतू) हाडाला लागूनच जाते, तासन्‌तास उकिडवं बसून दबते. ती दोरीसारखी जाड लागली तर अंगावर बधिर चट्टा शोधाच. चंद्रपूर-गडचिरोलीकडे कुष्ठरोग अजून आहे.

शेवटचा प्रश्न लाजून टाळला जातो: "सायकलच्या सीटवर टेकतो तेवढी जागा बधिर आहे का? लघवी तुंबते का, नकळत होते का?" एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर मुळांचा सगळा झुपकाच दबला असू शकतो; आठ दिवसांच्या गोळ्या देऊ नका. एमआरआय आणि मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात त्याच दिवशी रवाना करा, रात्र झाली तरी.